फिकी रेघ

बस डेपोच्या मागच्या अंगाला, जुन्या टायरांच्या ढिगापलीकडे एक खोली होती. तिला सगळे दवाखाना म्हणत. औषध म्हणाल तर तिथे डोकेदुखीच्या गोळ्या आणि आयोडीनची बाटली, बस्स. बाकी वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, एक टेबल, दोन स्टुलं आणि कोपऱ्यात संडास. त्या संडासाच्या टाकीत निळा रंग टाकलेला असे, म्हणजे कपात लघवीऐवजी तिथलं पाणी भरून आणायची कोणाला बुद्धी व्हायला नको. तो रंग रोज सकाळी ताई स्वतःच्या हाताने टाकायची.

ताई म्हणजे या खोलीची सर्वेसर्वा. तिचा धाकटा भाऊ याच डेपोत ड्रायव्हर. इथे बदली व्हायच्या आधीही तो तिला भेटायला यायचा तेव्हा ताई म्हणायचा, म्हणून मग वयाने तिच्याहून मोठे मेकॅनिकसुद्धा ताईच म्हणायला लागले. काम तसं साधं. ड्युटीवर निघालेल्या ड्रायव्हरला आधी न सांगता आत बोलवायचं, हातात कप द्यायचा आणि भरून आणलेल्या कपात पट्टी बुडवायची. गांजा ओढून कोणी पन्नास माणसांचे जीव हातात घेऊ नयेत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

पट्टीचं गणित मात्र उलटं. वरची रेघ आली म्हणजे पट्टी शाबूत आहे. खालची रेघ आली म्हणजे माणूस मोकळा. ज्याच्या लघवीत गांजाचा अंश भरपूर, त्याची खालची रेघ उमटतच नाही. ड्रायव्हर मंडळींना यावर विनोद सुचला नसता तरच नवल. "बाहेर दोन रेघा आल्या की पाळणा हलतो, ताईकडे दोन रेघा आल्या की गाडी हलते," असं भोंगा दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी स्वतःच हसायचा. भोंगा म्हणजे डेपोतला सगळ्यात जुना ड्रायव्हर. आवाज असा, की गाडीला हॉर्न नसता तरी चाललं असतं.

आणि एक नियम होता, पट्टीच्या पाकिटावरच छापलेला. रेघ कितीही फिकी असो, ती रेघच धरायची. गडद का नाही, अर्धीच का उमटली, असल्या चौकशा करायच्या नाहीत. दिसली की माणूस पास. नव्या माणसाला हे पटायला जड जातं, पण ताईला ते झोपेतही पाठ होतं.

आता ताईचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, दोन खोल्यांचं घर आणि ही नोकरी. तिच्याकडे मिरवण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे 'ताईकडे चालत नाही' हे वाक्य. साहेबांचा पुतण्या ड्रायव्हर म्हणून लागला तेव्हा त्याचीही रेघ उमटली नाही, आणि ताईने तसं तोंडावर सांगितलं. साहेब आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिने तो आठवडा मान ताठ ठेवून काढला, आणि खरं सांगायचं तर मजेत काढला. पुढे साहेबच चारचौघांत म्हणाले, की बाई धुतल्या तांदळासारखी आहे. ते ऐकून ती घरी गेली आणि एकटीच आरशासमोर उभी राहिली. माणसाला एवढं तेवढं लागतंच म्हणा.

भाऊ गांजा ओढायचा हे तिला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याला कधी तपासणीला बोलवायची पाळी तिच्याकडे आली नव्हती. तो बराच काळ दुसऱ्या डेपोत होता आणि इथे येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. त्याने स्वतःच एका सुट्टीच्या दिवशी येऊन सांगितलं. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मी ओढतो. रोज. ड्युटी संपली की. म्हणजे ओढायचो. परवापासून सोडलाय."

परवा सकाळी काय झालं, तर शाळेजवळच्या वळणावर ब्रेकवर पाय जायला त्याला एक क्षण उशीर झाला. कोणाला खरचटलंही नाही. पण गाडीपुढे एक आई दोन पोरांचे हात धरून उभी होती आणि तिने काचेतून याच्याकडे बघितलं. रात्रीचा अंमल सकाळी उतरलेला असतो अशी त्याची समजूत होती. नशा उतरली तरी मेंदू थोडा रेंगाळत होता, हे त्याला त्या बाईच्या डोळ्यांत दिसलं.

"काय मिळतं रे त्यात मेल्या?" ताईने विचारलं. रागावली होतीच, पण तिला खरंच जाणूनही घ्यायचं होतं. आयुष्यभर पट्ट्या बुडवल्या, पण ते अंगात गेल्यावर काय होतं हे तिला कोण सांगणार?

"आधी तोंडाला कोरड पडते. छाती धडधडते," तो म्हणाला. "मग घड्याळ ढिलं पडतं. पाच मिनिटांचा अर्धा तास होतो. भूक अशी लागते की भांडं चाटून पुसून ठेवावं. बोलता बोलता वाक्याचं दुसरं टोकच सापडत नाही. आणि मग कशाचंच काही वाटेनासं होतं. दिवसभर हॉर्न ऐकल्यावर तेच तर हवं असतं."

तिने त्याला मनसोक्त झापलं. मग जेवायला वाढलं. सोडलाय तर सोड, पुन्हा हात लावलास तर मला तोंड दाखवू नकोस, असं बजावलं. त्याने मान डोलावली. घरी जाऊन त्याने बायकोसमोर लेकीची शपथ घेतली.

सोडणं म्हणजे काही गंमत नव्हती. पहिले काही दिवस त्याला झोपच येईना. अंगाला दरदरून घाम, चादर ओली. अन्न पुढ्यात आलं की नको वाटायचं. लेकीने पेन्सिल मागितली तरी अंगावर जायचा आणि मग तिच्यापेक्षा जास्त स्वतःच रडायचा. झोप परतली तेव्हा सोबत स्वप्नं घेऊन आली. "वर्षानुवर्षं एक स्वप्न पडलं नव्हतं, आणि आता रोज तीन-तीन सिनेमे," तो म्हणायचा. बायकोने सगळं सोसलं. मग तो सकाळी मैदानावर पळायला लागला. घामावाटे सगळं विष निघून जातं, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. पोट उतरलं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. चेहरा असा उजळला की भावजय लाजून म्हणाली, वन्सं, लग्नातल्यासारखे दिसायला लागलेत हे.

एकदा त्याने ताईला विचारलं, "एक पट्टी आणून घरच्या घरी बघ ना. जीवाला शांतता."

"डेपोची पट्टी आहे, घरची नाही," ताई म्हणाली. एका पट्टीने डेपो बुडणार नव्हता. पण ताई ती ताई.

इकडे कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू झाली होती. ताईचा भाऊ आता इथेच आलाय, त्याची पाळी कधी येते बघू, घरच्या माणसाची पट्टी कशी निघते बघू. बोलणारा अर्थात भोंगा. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला फक्त गप्प बसता येत नव्हतं. ताईच्या कानावर आलं आणि तिला ते लागलं, चांगलंच लागलं. खरं तर तिने साहेबांकडे जाऊन सांगायला हवं होतं, की नात्यातला माणूस आहे, त्याची तपासणी दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. तशी पद्धतच होती. ती गेली नाही. भावाची तपासणी आपण करावी आणि सगळ्यांनी ती बघावी, असं तिला वाटत होतं.

त्याची पाळी आली त्या सकाळी भोंगा बाहेरच्या बाकावर बसलेला होता. भावाने कप आणून दिला आणि तो भिंतीजवळच्या स्टुलावर बसला. पट्टीकडे त्याने बघितलंही नाही. तो ताईच्या तोंडाकडे बघत होता, आणि अगदी निवांत होता. सोडून तीन महिने होत आले होते. त्याला कसली भीती?

ताईने पट्टी बुडवली आणि टेबलावर आडवी ठेवली. वरची रेघ आली, गडद गुलाबी. खाली काही नाही. ती वाकून बघत राहिली. मग अगदी सावकाश, केसाएवढी, आहे म्हणावी तर आहे अशी खालची रेघ उमटली. तिने पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. रेघ होती. फिकी होती, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत होती.

तेवढ्यात भोंग्याने दारातून मान आत घातली. "काय ताई, घरचा माणूस. आज रेघ अंमळ लवकरच उमटली असेल, नाही?"

गंमतच होती ती. दुसऱ्या दिवशी भोंग्याला आठवलीही नसती. पण ताईला त्या क्षणी अख्खं कॅन्टीन दिसलं. ही असली मरतुकडी रेघ मी कोणाला दाखवू, कोण मानेल, म्हणतील कोणालाच न दिसणारी रेघ बहिणीला दिसली. तिने पट्टी उलटी केली.

"रेघ नाही," ती म्हणाली.

आवाज शांत होता. भावाला आधी कळलंच नाही. मग तो उठला आणि परत बसला. भोंग्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ताईने पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली, कपाला झाकण लावून सील केलं आणि मोठ्या लॅबला पाठवायच्या पेटीत ठेवली. लॅबमध्ये काय ते कळेलच, असं ती स्वतःशी म्हणाली. तिथली यंत्रं मोठी. तो निर्दोष असेल तर तिथे सुटेल, आणि माझंही नाव राहील. दोन्ही हातांत लाडू हवे होते तिला.

लॅबचं उत्तर आलं. अंश सापडला.

साहेबांनी सगळ्यांना पटांगणात उभं करून सांगितलं, की पोटच्या पोरासारख्या भावालाही जिने सोडलं नाही अशी माणसं आहेत म्हणून हा डेपो चालतो. टाळ्या वाजल्या. भोंग्याने सगळ्यांत जोरात वाजवल्या आणि नंतर येऊन म्हणाला, ताई, माझं चुकलं, मी काहीबाही बोलत होतो. ताईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भावाला गाडीवरून उतरवून गाड्या धुवायला लावलं होतं. तो रबरी बूट घालून मागच्या रांगेत उभा होता, आणि त्यानेही टाळ्या वाजवल्या.

तरीही तिने मनाची समजूत घातली होती. लॅबने सांगितलं म्हणजे त्याने चोरून ओढलाच असेल. फिकी रेघ हा डोळ्यांचा भास असेल. ही समजूत डॉक्टरीणबाई येईपर्यंत टिकली.

डॉक्टरीणबाई अधूनमधून यायच्या, ताईचं काम बघायच्या आणि चहा घेऊन जायच्या. त्यांनी लॅबच्या कागदावरचा भावाचा आकडा बघितला आणि म्हणाल्या, "किती कमी आहे हो हा. ओढून बरेच दिवस झालेले दिसतात."

"मग सापडला कसा?" ताईने विचारलं.

बाईंना समजावून सांगायची हौस होती. त्या म्हणाल्या, गांजातलं जे चढतं ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपाच्या जातीचं आहे. रक्तातून ते लवकर हटतं आणि चरबीत जाऊन बसतं. नशा काही तासांत उतरते, पण चरबीतून ते थोडं थोडं रक्तात येत राहतं. यकृत त्याचा निरुपयोगी चोथा करतं, तो लघवीतून जातो, आणि पट्टी पकडते तो हा चोथा. माणूस आत्ता नशेत आहे की नाही ते पट्टीला कळत नाही. रोज वर्षानुवर्षं ओढणाऱ्याचा साठा संपायला महिने लागू शकतात. घामाने तो जात नाही. उलट माणूस झपाट्याने बारीक झाला तर वितळत्या चरबीबरोबर आणखी सुटत असावा.

"तो पळतो रोज," ताई म्हणाली.

"मग बरोबर. पट्टीची चाळणी मोठ्या भोकांची असते, मुद्दामच, म्हणजे असले जुने अंश तिच्यातून निसटावेत. लॅबची चाळणी बारीक. लॅबला कधी कोणी पास झालेला पाठवत नाही, म्हणून चालतं." बाईंनी कप खाली ठेवला. "एवढ्या आकड्याला तुमच्या पट्टीवर रेघ यायला हवी होती खरं तर. फिकी का होईना. अजिबात नव्हती?"

ताईला बोलायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. "नव्हती," ती म्हणाली.

बाई निघून गेल्या. ताई संडासात गेली, दार लावलं आणि त्या निळ्या पाण्याकडे बघत उभी राहिली. आपल्या हाताने टाकलेला रंग. लोकांनी फसवू नये म्हणून किती ती काळजी.

त्यानंतर तिला डेपोत चालणं मुश्किल झालं. कोणी नमस्कार केला तरी अंगावर काटा यायचा. धुण्याच्या जागेवरून जायचं टाळावं तर गेटचा रस्ता तिथूनच. एके दिवशी तिने बघितलं, भाऊ धुतलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. हात मांडीवर होते. स्टिअरिंगला हात लावायची त्याला मनाई होती, आणि बघणारं कोणी नसताना तो ती पाळत होता.

ती आत चढून त्याच्या मागच्या सीटवर बसली. "साहेब म्हणतात, कबूल कर," तो तिला म्हणाला. "चोरून ओढला, चूक झाली, माफी द्या, असं म्हटलं तर वर्षाने गाडी मिळेल. नाहीतर कायमचं हेच."

"पण तू ओढला नाहीस ना?"

त्याने मांडीवरच्या हातांकडे बघितलं. "मला वाटतं नाही. पण यंत्र खोटं कशाला बोलेल? आणि तू कशाला खोटं बोलशील? जुन्या दोस्ताकडे एकदा गेलो होतो, तो ओढत होता, मी लांबच बसलो होतो. मग वाटतं, मीही ओढला असेन. एवढी वर्षं डोक्याची माती केलीय, आठवत नसेल. घरी हिला तसं कबूल केलं तर ती लेक घेऊन माहेरी जाईल. शपथ घेतली होती मी." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "आपल्याच अंगावर विश्वास उरला नाही ताई."

ती तशीच उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली. उभ्यानेच सांगितलं. रेघ होती, फिकी होती, नियमाप्रमाणे तो पास होता, त्याचा कप लॅबला जायलाच नको होता. मी लोकांना भ्याले. चूक माझी आहे.

साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग ते इतक्या मायेने हसले की तिला त्यांचा रागही करता येईना. "ताई, तुम्हीसुद्धा माणूस आहात हे बघून बरं वाटलं मला. भाऊ आहे. तुटतंच आतून. पण पट्टी कुठे आहे?"

"कचऱ्यात गेली."

"आणि लॅब?"

"लॅबची चाळणी बारीक असते साहेब."

"बरं, बरं." त्यांनी दारापर्यंत सोडलं. "तुम्ही हे बोललात असं मी धरतच नाही. तुमच्या नावाला शोभत नाही ते."

संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली. भावजयीने दार उघडलं आणि न बोलता बाजूला झाली. त्या घरात आताशा कोणी फारसं बोलत नसे. लेक आतल्या खोलीत अभ्यास करत होती. ताई बसली नाही. दोघांच्या मधोमध उभी राहून तिने सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. भोंगा, खिडकीचा उजेड, उलटी केलेली पट्टी. "याने शपथ मोडली नाही," ती भावजयीला म्हणाली. "मी मोडली याची मान. मला काय म्हणायचं ते म्हणा."

भावजय नवऱ्याकडे बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी हललं. "खरं हो हे?"

भावाचे डोळे भरून आले होते. "नाही गं," तो म्हणाला. "साहेबांकडेही हेच सांगून आलीय ती. दारातल्या शिपायाने ऐकलं, डेपोभर झालंय. माझ्यासाठी खोटं बोलतेय ताई. आयुष्यात कधी बोलली नाही ती."

"अरे, देवाशपथ सांगते, रेघ होती."

"पुरे ताई." त्याने तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं. मग तो बायकोकडे वळला, आणि जे त्याने साहेबांसाठी जुळवून ठेवलं होतं ते तिच्यापुढेच बोलून टाकलं. "मी ओढला होता. चोरून. एकदाच. तू काय करशील ते कर, पण हिला खोटं बोलायला लावून मला गाडीवर बसायचं नाही."

भावजय आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि लेकीने विचारलं, "आई, कुठे जायचंय?"

ताईने पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच सांगितलं, पहिल्यापासून. तो ऐकत राहिला, लहान मूल गोष्ट सांगतं तेव्हा ऐकावं तसा, आणि मध्ये मध्ये मान हलवत राहिला.

मग तो तिला गेटपर्यंत सोडायला आला. आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज बाहेरही येत होता. त्याने तो ऐकला आणि ऐकला नाही असं दाखवलं.

"उद्या साहेबांकडे मी एकटाच जातो," तो म्हणाला. "तू आता मध्ये पडू नकोस. तुझं नाव खराब होईल."

ताई गेटची कडी धरून उभी राहिली.

"लहानपणापासून वाटायचं," तो म्हणाला, "ताईला नियम आधी, मग मी. आज बरं वाटलं."